कॅटालिना: पर्थ ते कोग्गला, सिम्युलेटरवर २८ तास (वैमानिक, खलाशी आणि ज्योतिषी हवेत)

खारावारा | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी पहाटे चारला (आपलं घड्याळ) मी पर्थच्या स्वान नदीवरून उडणार आणि रविवारी सकाळी साडेआठ-नऊला श्रीलंकेत कोग्गलाच्या सरोवरात उतरणार. मुक्काम अर्थात डोंबिवलीतच. विमान कॅटालिना, म्हणजे पोटाने पाण्यावर बसणारी उडती नौका. सिममधला वेळ पळवायचा नाही, ऑटोपायलट चालेल, जीपीएस बंद.

हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई रस्ता मधोमध तुटला. जुलै १९४३ पासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने तो हिंदी महासागरावरून परत जोडला: पर्थ ते कोग्गला, सुमारे ५,६५० किलोमीटर, मध्ये कुठेही न उतरता. त्यासाठी ब्रिटिशांकडून पाच कॅटालिना मिळाल्या. वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर, म्हणजे २८ तास, वारा आडवा आला तर ३०-३२. सगळ्यात लांबलेली फेरी ३२ तास ९ मिनिटांची. जपानी गस्तीच्या टापूतून जायचं म्हणून रेडिओ मुका. दिशा ताऱ्यांवरून. इंधनासाठी जागा आणि वजन हवं म्हणून बर्फरोधक यंत्रणेपासून जे काढता येईल ते काढलं. एवढं करून प्रवासी न्यायचे जास्तीत जास्त तीन, आणि टपाल ६९ किलो. चोवीस तासांहून जास्त हवेत राहिल्यामुळे एकाच प्रवासात दोन सूर्योदय दिसायचे. म्हणून प्रत्येक प्रवाशाला 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं प्रमाणपत्र मिळायचं. जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. युद्ध संपल्यावर, उधारीवर मिळालेली विमानं म्हणून करारानुसार ती समुद्रात बुडवून टाकली.

माझं सिम जुनं आहे, फ्लाइट सिम्युलेटर एक्स. मॉडेल मी स्वतः ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दीड वर्ष घासतोय. उडतं छान. पाण्यावर मात्र ते विमान वाटत नाही आणि होडीही वाटत नाही. परात वाटते. पूर्ण इंधन भरून सोळा टनांचं धूड वीस सेकंदांत पाणी सोडतं! हे खोटं आहे, एवढं मला कळतं. खरं कसं असतं ते इथल्या जाणकारांनी सांगावं.

दुसरी अडचण: तारे कोण बघणार?

बायकोने विचारलं, "जेवायचं काय?" या प्रकल्पातला आतापर्यंतचा सगळ्यात शहाणा प्रश्न तोच.

गॅसबत्ती | मंगळवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. एक बावळट शंका: जर्मन युद्धनौका बिस्मार्क बुडवली ती कॅटालिनानेच ना?

खारावारा | मंगळवार, रात्री ११:२२

बुडवली नाही, शोधून काढली. २६ मे १९४१, ब्रिटिशांची २०९ स्क्वाड्रन, उत्तर आयर्लंडच्या लॉख अर्न सरोवरावरून निघालेलं विमान. शोधणं हेच कॅटालिनाचं काम. मंद, जड, पण वीस-वीस तास हवेत राहणारं. कोग्गलाचीही तीच गोष्ट: ४ एप्रिल १९४२ ला कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनच्या लेनर्ड बर्चल यांना श्रीलंकेच्या दक्षिणेला जपानी सेनापती नागुमोचं आरमार दिसलं. संदेश पाठवता पाठवताच झीरो या लढाऊ विमानांनी त्यांना पाडलं. नऊ जणांपैकी सहा जिवंत राहिले, ते युद्धकैदी झाले. कोलंबोवर हल्ला दुसऱ्या दिवशी आला, पण बेसावध नाही गाठता आलं.

मालवणी_तांडेल | बुधवार, सकाळी ७:०५

परात वाटते कारण तुम्ही तळ विसरलात. विमानातलं मला काही कळत नाही, पण आमच्या घरी तीन पिढ्या होड्या आहेत.

पाणी तळाला चिकटतं. सपाट फळी पाण्यावर ठेवून सरळ वर उचलून बघा, कसं ओढून धरतं ते. म्हणून या विमानांच्या पोटाला मध्येच एक पायरी असते, फोटोत नीट बघा. वेग वाढला की पायरीच्या मागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि होडी त्या पुढच्या भागावर घसरायला लागते. तोवर नाक वर, पुढे फेसाचा डोंगर, इंजिनं बोंबलतायत आणि वेग काही वाढत नाही. यामाहाची मोटर लावलेली जड होडी कधी चालवली असेल तर ही वेळ ओळखाल: पाणी जणू चढणीचं होतं. ती चढण ओलांडली की एकदम मोकळं.

आणखी एक. पाणी आरशासारखं शांत असेल तर उडणं सोपं नाही, अवघड. थोडी लहर असली तर तळाखाली हवा जाते. तुम्ही आपले सुंदर शांत सकाळ निवडून बसला असाल!

खारावारा | बुधवार, सकाळी ९:४०

तांडेल, दंडवत. मी खरंच शांत सकाळ निवडली होती.

आता सिमच्या पोटातलं सांगतो. तिथे विमान म्हणजे पाण्याला टेकणारे काही ठिपके, बस. प्रत्येक ठिपक्याला प्रकार: १ म्हणजे चाक, २ म्हणजे घासणारा भाग, ४ म्हणजे तरंगणारा, ५ म्हणजे पाण्यातलं सुकाणू. मी तळाला सहा तरंगते ठिपके दिले होते. त्यांना पायरी माहीत नाही, पाण्याची पकडही नाही. त्यात जुन्या सिममध्ये लाट फक्त दिसते, लागत नाही.

तुम्ही म्हणता ती चढण आणायला मी एक जुगाड करतोय. उड्डाणाच्या वेगाच्या साधारण निम्म्यावर पोचेपर्यंत पाण्याचा अवरोध वाढत जाईल आणि मग एकदम पडेल असा छोटा प्रोग्रॅम बाहेरून जोडायचा. आज रात्री बघतो.

शंकेखोर | बुधवार, दुपारी १:१०

वाचतोय, पण थोडं खटकतंय, म्हणून लिहितो. युद्धात माणसं मेली. आपण एसी लावून, चहा पीत, मरायची शून्य शक्यता ठेवून 'अनुभव' घ्यायचा? पुन्हा २८ तास ऑटोपायलट. याला उड्डाण म्हणायचं की स्क्रीनसेव्हर?

चहाबाज | बुधवार, दुपारी १:३२

चहाला मध्ये आणू नये. हलकं घ्या.

पर्थकर | बुधवार, दुपारी ३:२०

धाग्यात माझं गाव बघून लॉगिन केलं. क्रॉलीला स्वान नदीच्या काठावर आम्ही दर महिन्याला डबे घेऊन जातो. तिथे कॅटालिनांचा तळ होता हे मला इथे येऊन आठ वर्षं झाल्यावर एका पाटीवरून कळलं. बुल क्रीकच्या विमान संग्रहालयात एक कॅटालिना आहे. खाली उभं राहिलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे पंख. जवळजवळ ३२ मीटरचा पंख एका खांबासारख्या मानेवर तोललाय.

शंकेखोर, तुमच्या मुद्द्यावर वाद घालत नाही. एक पाहिलेलं सांगतो.

ब्रूम हे इथून दोन हजार किलोमीटर उत्तरेला. ३ मार्च १९४२ ला तिथल्या रोबक उपसागरात पंधरा उडत्या नौका उभ्या होत्या. काही डच होत्या, जावा बेटावरून पळून आलेल्या. आत बायका-मुलं, रात्रभराचा प्रवास करून आलेली, किनाऱ्यावर न्यायला बोट येण्याची वाट बघत. सकाळी जपानी झीरो आली. थोड्याच वेळात पंधराच्या पंधरा पेटल्या. पाण्यात उडी मारली तर वर जळतं पेट्रोल. ऐंशीच्या वर माणसं गेली.

ब्रूमची भरती-ओहोटी प्रचंड, नऊ-दहा मीटरचा फरक. वर्षातल्या काही मोजक्या मोठ्या ओहोटींना पाणी इतकं मागे जातं की ते सांगाडे उघडे पडतात. मी गेलोय. घोट्याएवढ्या गाळातून जवळपास किलोमीटरभर चालायचं, घड्याळाकडे लक्ष ठेवून, कारण पाणी परत येतं ते झपाट्याने. इंजिनांवर कालवं वाढलीत. एका पंखाच्या सांगाड्यात डबकं साचलं होतं आणि त्यात बोटभर मासे फिरत होते. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिने विचारलं, "हे विमान बुडलं की पडलं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते उडत नव्हतंच. होडीसारखं उभं होतं.

त्यानंतर घरी येऊन मी पहिल्यांदा सिम्युलेटर घेतला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

शंकेखोर | बुधवार, संध्याकाळी ६:००

पर्थकर, वाचलं. स्क्रीनसेव्हर शब्द मागे घेतो. एसीबद्दलचं मत कायम.

निवृत्त_नांगर | बुधवार, रात्री ८:४५

मी नौदलात विमानांचा मेकॅनिक होतो. दोन गोष्टी.

एक. आपल्या नौदलाचं पहिलं विमान कोणतं? शॉर्ट सीलँड. पोटाने पाण्यावर बसणारं, चाकंही असलेलं. १९५३, कोचीन. शॉर्ट म्हणजे तीच कंपनी जिने युद्धात संडरलँड ही मोठी उडती नौका बांधली. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाच्या विमान संग्रहालयात एक सीलँड उभं आहे. गोव्याला गेलात तर समुद्रावर पडून न राहता तास-दीड तास तिथे घालवा. वाकून पोट बघा, तांडेल म्हणतात ती पायरी हाताने चाचपता येईल.

दोन. खारावारा, तुमच्या कॅटालिनात मेकॅनिक कुठे आहे? त्या विमानात तो पंखाच्या मानेत, त्या खांबात बसायचा. इंधनाचं मिश्रण, इंजिनाच्या झडपा, पंखाच्या टोकाचे तरंडे वर घेणं-खाली सोडणं, सगळं त्याच्या हातात. वैमानिक खालून दिव्यांच्या खुणेने सांगायचा: तरंडे उचल, मिश्रण पातळ कर. तुम्ही एकटेच सगळी बटणं दाबणार असाल तर तुम्ही कॅटालिना उडवत नाही, दुसरंच काहीतरी उडवता. २८ तास इंधन पुरवणं हे वैमानिकाचं नव्हे, मेकॅनिकचं कौशल्य.

खारावारा | बुधवार, रात्री ९:३०

नांगरकाका, मान खाली. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला नेमलं. सहा छोटे दिवे आणि तारा लावून पाटी बनवतोय. माळ्यावर बसून मेकॅनिकगिरी करायला तो एका पायावर तयार होता, घरच्यांनी हाणून पाडलं. आता स्वयंपाकघरात दुसरा कीबोर्ड घेऊन बसेल. मला पंखाची मान दिसणार नाही, त्याला समुद्र दिसणार नाही.

गॅसबत्ती | बुधवार, रात्री १०:०५

संडरलँडबद्दल पण लिहा ना कोणीतरी. ते तर दुमजली होतं म्हणे.

निवृत्त_नांगर | बुधवार, रात्री १०:४०

दुमजलीच. खाली झोपायचे बंक, स्टोव्ह असलेलं स्वयंपाकघर, दार असलेला संडास. चार इंजिनं. बॉम्ब पोटात ठेवायचे आणि वेळ आली की बाजूच्या दारातून रुळांवरून पंखाखाली सरकवायचे. पोटाला खाली दार करणार कसं, खाली पाणी! मला सगळ्यात आवडतो तो नाकातला तोफेचा घुमट. तो मागे सरकायचा आणि त्या जागी एक खलाशी उभा राहून विमान बांधायचा तरंगता बोया पकडायचा. ज्या जागेवरून गोळ्या झाडायच्या तिथूनच दोर टाकायचा. या विमानांना ब्रेक नसतात हे विसरू नका. वेग कमी करायचा तर खिडकीतून कापडी पिशवीसारखा समुद्री नांगर पाण्यात सोडायचे.

शंकेखोर | गुरुवार, सकाळी १०:१५

भारतात यांचे तळ होते का? की फक्त साहेबाच्या नकाशात?

पर्थकर | गुरुवार, दुपारी १२:५०

होते की. युद्धाआधी ब्रिटिश विमान कंपनी इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराची, मग राजस्थानातलं राजसमंद तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता अशा पाण्यापाण्याने जायच्या. वाळवंटाच्या कडेला जहाज उतरायचं! युद्धात मद्रासजवळचं रेड हिल्स तलाव आणि कराचीची कोरंगी खाडी हे मोठे तळ. ही पर्थची फेरीसुद्धा पुढे कोग्गलावरून कराचीपर्यंत वाढवली होती.

तारांगण | गुरुवार, रात्री ९:२०

तारे मी बघतो.

म्हणजे असं: खारावारांच्या विमानाची खरी जागा मला नेटवरून दिसेल, त्यांना दिसणार नाही. ते तासातासाला विचारतील, अमुक तारा किती उंच? मी स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या जागेवरून बघून उंची सांगेन आणि दर वेळी फासा टाकून त्यात पंधरा कलांपर्यंत (साठ कला म्हणजे एक अंश) चूक मिसळेन. हलत्या विमानात सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची उंची मोजायचं यंत्र, धरणाऱ्याचा हात थरथरतोच. एक कला चूक म्हणजे एक सागरी मैल चूक, हिशोब सोपा.

आता गंमत. क्वांटासने त्या पाच कॅटालिनांना ताऱ्यांची नावं दिली होती: अल्टेअर, वेगा, रायगेल, अंटारेस, स्पायका. आपल्या भाषेत श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा, चित्रा. जुलैतली रात्र धरली तर दहाच्या सुमारास चार एकदम दिसतील: चित्रा पश्चिमेला, ज्येष्ठा जवळजवळ डोक्यावर, अभिजित उत्तरेला खाली, श्रवण पूर्वेकडे. राजन्य मात्र तेव्हा सूर्याच्या थोडा आधी उगवतो. तो दिसला की समजा दुसरा सूर्योदय दोन तासांवर आला.

चहाबाज | गुरुवार, रात्री ९:३५

चित्रा नावाचं विमान उडवायला मीसुद्धा तयार आहे.

शंकेखोर | गुरुवार, रात्री ९:५८

जागा तारांगण यांना माहीत, मग वारा कोण ठरवणार? वैमानिकाने स्वतः ठरवला तर सगळं नाटक आहे. माझ्याकडे द्या. दर तीन तासांनी मी हवामान बदलेन, कोणाला सांगणार नाही.

खारावारा | गुरुवार, रात्री १०:१०

ज्यांचा विरोध त्यांच्याच हाती वारा. मंजूर!

अवरोधाचा जुगाड जमला. काल रात्री पूर्ण वजनात पहिल्यांदा विमानाने उडायला नकार दिला. नाक वर करून दीड मिनिट फेस उडवत पुलापर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मग थोडी लहर गृहीत धरून अवरोध जरा उतरवला, आता साधारण मिनिटभर घेतं.

खारावारा | शनिवार, पहाटे ४:०९

चार वाजून तीन मिनिटांनी पाणी सोडलं. पुतण्याने तरंडे उचलले, म्हणजे तो तसं म्हणतोय. पर्थमध्ये अजून अंधार.

खारावारा | शनिवार, पहाटे ४:५०

पहिला सूर्योदय. मागे, उजवीकडे.

निवृत्त_नांगर | शनिवार, सकाळी ८:१५

आता एक इंजिन बंद पडलं तर?

खारावारा | शनिवार, सकाळी ८:२२

तर समुद्रात. काका, तुम्ही मुद्दाम विचारताय. सुरुवातीच्या तासांत इंधनाचं वजनच इतकं की एका इंजिनावर उंची टिकत नाही. इंधन ओतून टाकलं तर टिकेल, पण मग पोचायचं नाही. काल रात्री करून पाहिलं, पुतण्याला झोप लागली नाही.

गॅसबत्ती | शनिवार, दुपारी २:४०

कंटाळा आला का?

खारावारा | शनिवार, दुपारी २:५५

प्रचंड. दहा तास निळं. कळलं ते एवढंच की कंटाळ्यातही काम असतं: दर अर्ध्या तासाला इंधनाची नोंद, तापमान, दिशा. पुतण्याने मिश्रण इतकं पातळ केलं की एकदा उजवं इंजिन खोकलं. स्वयंपाकघरातून "सॉरी" आलं. कोकोस बेटं वाटेच्या मध्यावर जवळच लागतात, संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

खारावारा | शनिवार, संध्याकाळी ७:१०

दिसली नाहीत. एकतर मी रेषेबाहेर आहे, नाहीतर शंकेखोरांनी ढग टाकलेत.

शंकेखोर | शनिवार, संध्याकाळी ७:१२

नो कमेंट्स.

तारांगण | शनिवार, रात्री १०:२०

ज्येष्ठा, अभिजित, चित्रा, तिन्ही उंच्या दिल्या. खारावारांनी वीस मिनिटं घेतली आणि त्यांवरून कागदावर काढलेला आपल्या जागेचा त्रिकोण मला पाठवला. खरी जागा त्रिकोणाच्या बाहेर, पण फार नाही. आता मी गप्प.

पर्थकर | रविवार, पहाटे ३:३०

इथे सकाळचे सहा. जागं आहे का कोणी?

खारावारा | रविवार, पहाटे ३:४१

मी. पुतण्या टेबलावर डोकं ठेवून झोपलाय, मिश्रण देवाच्या भरवशावर. आई उठून पाणी प्यायला आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "अजून पोचला नाहीस?"

खारावारा | रविवार, पहाटे ४:१६

तारांगण, राजन्य! पूर्वेला, मी विचारायच्या आधी दिसला.

खारावारा | रविवार, सकाळी ६:१०

दुसरा सूर्योदय. काही लिहीत नाही.

खारावारा | रविवार, सकाळी १०:३०

पोचलो. ९:११ ला पाण्याला टेकलो. २९ तास ८ मिनिटं.

थेट कोग्गलावर रोख धरला नव्हता. चुकलो तर डावीकडे वळायचं की उजवीकडे हे कळायला हवं, म्हणून मुद्दाम पूर्वेला डोंद्रा भूशिरावर धरला. किनारा दिसला तो तंगालेजवळ, म्हणजे वीसेक किलोमीटर आणखी पूर्वेला. डावीकडे वळून किनाऱ्याने गेलो, डोंद्राचं दीपगृह उजव्या हाताला गेलं, मग मातारा, मग ते सरोवर. शेवटचे सहा तास शंकेखोरांनी पश्चिमेचा वारा वाढवत नेला होता, हे आत्ता कळलं. मी त्यातला निम्मा पकडला होता.

उतरताना पाणी काचेसारखं. खरे वैमानिक म्हणायचे, अशा पाण्यावर उंचीचा अंदाजच येत नाही, म्हणून थोडी शक्ती ठेवून हळूहळू खाली येत राहायचं आणि टेकेपर्यंत धीर धरायचा. पडद्यावर तसाही उंचीचा अंदाज येत नाही, त्यामुळे हा एकच प्रसंग माझ्या सिमने आयता खरा दिला.

मालवणी_तांडेल | रविवार, सकाळी १०:४८

अभिनंदन! बोयाला बांधलं का?

खारावारा | रविवार, सकाळी १०:५५

तेच तर. इंजिनं बंद केली आणि पुतण्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाला, "काका, आता नांगर कुठलं बटण?" नाहीये. दीड वर्षात खिळे मोजून बसवले, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब केलं, दोर केला नाही. शंकेखोरांचा वारा अजून चालू होता. चार मिनिटांत नारळाच्या झाडांत शिरलो.

मालवणी_तांडेल | रविवार, सकाळी ११:०१

फोटो काढला असशील तर टाक. घरी सगळ्यांना दाखवतो.